तीन दिवस राहिलेली बातमी

श्रीरामपूरच्या बाजारपेठेच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर एक काळा फलक आहे. लावला वाचनालय मंडळाने, पण गेली अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्यावर चार बातम्या लिहितात त्या सुमेधा गंधे. कन्याशाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मोबाईलच्या काळात फलक कोण वाचतो, असं विचारणाऱ्याने एकदा सकाळी तिथे उभं राहून बघावं. हमाल, भाजीवाल्या, बँकेत निघालेले कारकून, सगळे मान वर करून वाचतात. मोबाईलवर काय वाटेल ते येतं, पण गंधेबाई लिहितात ते खरंच असणार, असा गावाचा सरळ हिशेब. बाईंनाही तो ठाऊक होता आणि त्याचा थोडा तोराही होता.

गेल्या हिवाळ्यात मोटारसायकलवरच्या दोघा पोरांनी एका म्हातारीचं मंगळसूत्र ओढलं. ते खरंच घडलं होतं. पण त्यानंतर आठवडाभर गावातल्या एका यूट्यूब चॅनेलने जो धुरळा उडवला, त्याला तोड नाही. रोज संध्याकाळी एक तरुण घसा फोडून सांगायचा की शहर टोळ्यांच्या ताब्यात गेलं आहे. मग एक दिवस रेल्वे रुळांजवळची क्लिप आली. अंधारून आलेलं, चार पोरं, तोंडाला रुमाल, एकाच्या हातात काहीतरी गोल आणि जड. त्या वस्तूभोवती लाल वर्तुळ काढलेलं, आणि पोरं कॅनॉलकडच्या वस्तीतली असल्याचं छातीठोक सांगितलेलं.

सुमेधाबाईंनी ती क्लिप सहा वेळा पाहिली आणि सकाळी फलकावर लिहिलं, 'रुळांलगत टोळक्याचा वावर. कॅनॉलकडच्या वस्तीतील चौघे संशयित. महिलांनी एकटे फिरू नये.' शेवटचं वाक्य ना चॅनेलचं होतं ना पोलिसांचं. ते बाईंनी पदरचं घातलं होतं. आणि गंमत अशी की ते वाचून सगळ्यात जास्त घाबरल्या त्या स्वतःच. पुढचे दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत, त्यामुळे फलक कुणी पुसला नाही आणि ती बातमी तीन दिवस तशीच राहिली.

त्याच भीतीत त्यांनी आणखी एक केलं. त्यांच्याकडे सहा वर्षं पोळ्यांना येणारी अश्विनी त्याच वस्तीत राहायची. तिला त्यांनी फोन करून सांगितलं की काही दिवस येऊ नकोस. फलक वाचून आणखी दोन घरांनी तेच सांगितलं. अश्विनीची घरं एकूण चार. तीन सुटली.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी धीर करून फलक पुसला, रोजच्या बातम्या लिहिल्या, आणि त्याच दिवशी खरं काय ते कळलं. पोलिसांनी चौघांना बोलावून दिवसभर बसवलं होतं. ती गोल वस्तू होती गोळाफेकीचा गोळा. पोरं पोलीस भरतीच्या तयारीला संध्याकाळी रुळांजवळच्या मोकळ्या जागेत पळायची, गोळा टाकायची. तोंडाला रुमाल होता तो शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रकांच्या धुळीपायी. आणि गोळा हातात धरलेला पोरगा होता हर्षल, अश्विनीचा मुलगा. बाईंच्या घरी गॅसची टाकी चढवून देणारा हर्षल त्यांना सहा वेळा बघूनही ओळखू आला नव्हता. बाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

चॅनेलने क्लिप काढली नाही. एका वर्तमानपत्राने पाचव्या पानावर दोन ओळी दिल्या. सुमेधाबाई चपला घालून थेट कॅनॉलकडच्या वस्तीत गेल्या. अश्विनी दारात भांडी घासत होती. बाईंनी माफी मागितली, उद्यापासून ये म्हणाल्या, आणि फलकावर हर्षलचं नाव ठळक लिहून तो निर्दोष असल्याचं गावाला सांगते, असंही म्हणाल्या. आपण फार मोठं काही देतो आहोत असं त्यांना वाटत होतं. अश्विनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"त्याचं नाव लिवू नका, बाई," ती म्हणाली. "त्याला पोलिसात जायाचंय. गुन्ह्याच्या बातमीत एकदा नाव आलं की लोकं निर्दोष इसरत्यात, नाव ध्यानात ठेवत्यात. नाव लिवायचंच आसंल तर ज्याचं चुकलं त्याचं लिवा."

बाई तशाच परत फिरल्या. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. फलकावर लिहिणाऱ्याचं नाव कधीच नसतं, तो मंडळाचा पहिल्यापासूनचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळा फलक पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रुळांजवळची मुले पोलीस भरतीचा सराव करत होती. त्यांच्याविषयी या फलकावर लिहिलेले खोटे होते. मी खात्री न करता लिहिले. सुमेधा गंधे.' दुसरी एकही बातमी नाही.

दहा वाजता मंडळाचे अध्यक्ष शरच्चंद्रराव धावत आले. त्यांचं म्हणणं, एका कोपऱ्यात छोटी दुरुस्ती पुरली असती, अशाने फलकाची अब्रू जाते. बाईंनी शांतपणे सांगितलं की खोटं तीन दिवस राहिलं, तेव्हा हेही तीन दिवस राहील, आणि मधे कुणी पुसलं तर दिवस पहिल्यापासून मोजले जातील. गणिताच्या बाईंशी हुज्जत घालून उपयोग नसतो, हे शरच्चंद्ररावांना त्यांची मुलगी बाईंच्या वर्गात होती तेव्हापासून माहीत होतं. ते मान हलवत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी फलक पुसलाच. बाईंनी तो पुन्हा लिहिला आणि प्लास्टिकची खुर्ची आणून तिथेच बसल्या. येणारे जाणारे वाचायचे, मग बाईंकडे बघायचे. कुणी म्हणालं, एवढं कशाला मनाला लावून घेता. एक जण तर हसून म्हणाला की आता म्हातारपणी बाई नापास झाल्या. ते त्यांना झोंबलं. उठून जावंसं वाटलं, पण त्या उठल्या नाहीत. तिन्ही दिवस नव्याने मोजून पुरे केले, सकाळी सात ते दुपारी एक.

शेवटच्या दिवशी अश्विनी आली. फलकासमोर उभी राहून तिने एकेक शब्द जोडत सगळं वाचलं. खालचं नाव दोनदा वाचलं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "उद्यापासनं येते तुमच्याकडं. पर माजी दोन घरं तुमच्या लिवण्यानं गेली, ती कोन आणनार?"

बाईंनी खडूचे हात पदराला पुसले आणि तिला घेऊन निघाल्या. पहिलं घर मधुवंतीचं, बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनीचं. बेल वाजवल्यावर दार बोटभर उघडलं, साखळी तशीच. बाईंमागे अश्विनीला पाहून मधुवंती अडखळली. फलक वाचला मी, म्हणाली, पण मी नसताना घरात सासूबाई एकट्याच असतात, भीती वाटते.

"मलाही वाटली होती," सुमेधाबाई म्हणाल्या. "ती भीती तुला मीच लिहून दिली होती, मधुवंती, आणि ती खोटी होती. दार उघड. ही पोळ्या करेल तोवर सासूबाईंजवळ मी बसते. रोज बसते, तुझी भीती जाईपर्यंत."

मधुवंतीने साखळी काढली.