रेघेवरचे काका

रेघकाका मैदानाच्या मध्यात कधी येत नसत. कडेच्या पांढऱ्या रेघेला चिकटून उभे राहत. कोणी "काका, आत या ना!" म्हटलं की इंग्रजीत उत्तर येई, "आत तुम्ही गर्दी केलीय. मी इथे जागा राखतोय."

जन्माने इंग्रज असलेले ते इंग्लंडमध्ये चौदा वर्षं विंगर म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत, पगारी फुटबॉल खेळले होते, बहुतेक खालच्या डिव्हिजनमध्ये. निवृत्तीनंतर अमेरिकेत नेपरव्हिलला लेकीकडे राहायला आले, आणि शेजारी म्हणून मी त्यांना आमच्या चाळिशीपार मराठी संघात ओढलं. 'रेघकाका' हे नाव मुलांनी ठेवलं. टक्कल पडलेल्या आम्हालाही ते 'लॅड', म्हणजे पोरा, म्हणत, त्यामुळे हिशोब बरोबर होता.

मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "एकूण गोल किती?"

"दोन्ही हातांची बोटं पुरतील. एक अंगठा उरेल."

अध्यक्षांचा चेहरा पडला. काकांना त्याचं काही नव्हतं. "विंगरचं काम पत्र टाकण्याचं," ते म्हणत. "वाचणारा दुसराच."

त्यांच्या पासवर गोल झाला की आम्ही एकमेकांना मिठ्या मारायचो. ते मात्र तोवर पाठ फिरवून रेघेकडे चालू लागलेले असत. त्यांना शाबासकी द्यायची तर तेवढं चालत जावं लागे.

मग गुडघा पार गेला. शस्त्रक्रियेसाठी इंग्लंडला परतायचं आणि तिथेच राहायचं ठरलं. शेवटच्या रविवारी बूट बांधताना ते मला म्हणाले, "आज एक पास देणार आहे. शेवटचाच. तो वाया घालवू नकोस, लॅड." मी संघात पुढे खेळायचो, कारण मागे माझ्यामुळे नुकसान जास्त व्हायचं.

पहिल्या हाफमध्ये त्यांनी गुडघा जपला. मध्यंतरात मंडळाने सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, माइक आणि अध्यक्ष. मधली खुर्ची काकांसाठी होती. त्यांनी ती उचलून कडेला नेली. अध्यक्षांनी फुटबॉलचा उगम, मग मंडळाचा उगम, मग स्वतःचा अमेरिकेतला पहिला हिवाळा घेतला. काका इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळल्याचंही त्यांनी जाहीर केलं. "नाही खेळलो," काका शांतपणे म्हणाले. टाळ्या तरीही झाल्या.

भाषण संपलं तेव्हा मैदानाची आमची वेळही संपली होती. पुढचं बुकिंग क्रिकेटवाल्यांचं. "अंकल, प्लीज, आमचा टाइम चालू झाला," म्हणत त्यांनी स्टंप रोवले. अध्यक्ष वाद घालायला गेले, माइकसकट.

खांद्यावर शाल, काखेत नारळ, हातात बॉल, असे काका लंगडत पार्किंगमध्ये आले. नारळ माझ्या गाडीच्या टपावर ठेवला आणि बॉल जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या चार पावलं पुढे. "त्या दोन व्हॅनच्या मध्ये गोल," ते म्हणाले. "धाव!"

मी धावलो. मान वर केली तर बॉल वळत वळत माझ्या कपाळाच्याच पत्त्यावर येत होता. मी फक्त डोळे मिटले नाहीत, एवढंच माझं कर्तृत्व. बॉल कपाळाला लागून दोन व्हॅनच्या मधून आरपार गेला.

"काका, गोल!" मी ओरडलो आणि मिठी मारायला वळलो.

ते पाठ फिरवून, शाल सावरत, पिवळ्या रेघेकडे चालू लागले होते.

मी तेवढं चालत गेलो.