एसच्या आधी एकच भाऊ

इंग्रजीचा मास्तर निवृत्त झाला, तरी कॉलनीतले लोक त्याला निवृत्त होऊ देत नाहीत. पिंप्राळ्यात राहायला आल्यापासून मी लग्नपत्रिका तपासल्या, गृहप्रवेशाची आमंत्रणं तपासली, एकदा तर ‘कुत्र्यापासून सावध’ या पाटीचं इंग्रजीही बघून दिलं. कुत्रा तोवर मेला होता. पण इंग्रजीच्या एका चिन्हापायी दोन भाऊ वेगळे व्हायची वेळ आलेली मी एकदाच पाहिली.

आमच्या चौकात या दोघांचं भरिताचं दुकान आहे. थोरल्यांना सगळे नाना म्हणतात. नाना पुढे गल्ल्यावर बसतात आणि बोलतात. धाकटा मागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो आणि लाकडी बडगीत घालून ठेचतो. लोक येतात ते धाकट्याच्या हाताच्या चवीसाठी. कौतुक मात्र पुढेच अडतं, मागे पोचत नाही. इतकी वर्षं दुकानाला पाटी नव्हती, वासावर गिऱ्हाईक येत होतं. मग समोर पिझ्झावाला आला. त्याची पाटी इंग्रजीत, आत दिवे लागणारी. नानांनाही तशीच हवी झाली. ‘ब्रदर्स भरीत सेंटर’, लाल, उठावाची अक्षरं. यावेळी मला कोणी विचारलं नाही.

इंग्रजीत मालकी दाखवायला अक्षरांच्या डोक्याशी जो स्वल्पविराम देतात, त्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘उडता कॉमा’ म्हणतात, आणि मला हेच नाव जास्त पटतं. कारण तो शहरभर उडत असतो आणि दमला की कुठल्याही एसशेजारी बसतो. साड्यांच्या पाटीवर बसतो, टायरांच्या पाटीवर बसतो, ‘शूज’वर तर हमखास. नानांच्या पाटीवर तो एसच्या आधी बसला होता, चांगला मिरचीएवढा.

पाटीच्या उद्घाटनाला माजी नगरसेवक आले. फेटा बांधून घेतल्यावर त्यांना भरितापेक्षा इंग्रजीवर बोलावंसं वाटलं. इंग्रजी ही काळाची गरज आहे, आणि हे दोन भाऊ म्हणजे दोन देह एक प्राण, असं त्यांनी पाटीकडे हात करून सांगितलं. धाकट्याची बायको माझ्या पुढच्याच खुर्चीवर होती. माहेर धुळ्याचं, लग्नाआधी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “प्राण माहीत नाही, पण पाटीवर देह एकच आहे.”

“म्हणजे?”

“एसच्या आधी कॉमा म्हणजे एकाच भावाचं दुकान.”

दुसऱ्या दिवशी मागचा जाळ पेटला नाही.

नाना माझ्याकडे आले ते चपला न काढताच, घरच्या अहिराणीत बोलत. “सर, तो रुसना! म्हणतो, धुळ्याला सासुरवाडीजवळ वेगळं दुकान टाकतो. आते भरीत कोन करी?”

“कॉमा चुकलाय, नाना.”

“कसा चुकना? एस म्हणजे आपलं ‘चं’. ब्रदर-चं. बठ्ठा दुकानेसवर असंच शे!”

“दुकानवर का नाही म्हणालात?”

“एक थोडीच शे? भलती दुकानं शेत, पुष्कळ.”

“म्हणून तुम्ही मधे ‘स’ घातलात. दुकानेसवर. बरं, एका भावाचं दुकान असलं तर अहिराणीत काय म्हणाल?”

“भाऊनं.”

“आणि दोघांचं?”

“भाऊसनं,” नाना म्हणाले, आणि चपलांसकट खुर्चीवर टेकले.

पुस्तकी मराठीत हे काम डोक्यावरचं एक टिंब करतं. भावाचं आणि भावांचं. पण नानांच्या घरच्या बोलीनं ते इंग्रजीसारखंच केलं होतं. आधी सगळे भाऊ गोळा करायचे, त्यांच्यामागे ‘स’ लावायचा, आणि मगच मालकीचं बोलायचं. म्हणजे कॉमा एसनंतर. इतकी वर्षं वर्गात हे शिकवताना फळ्यावर खडू झिजवला, पण ही युक्ती मला तेव्हा सुचली नव्हती.

“मंग हाई ते आपलीच बोली शे ना, सर!” नाना उठले. “आत्ताच बदलतो.”

नाना गेल्यावर मीही चौकाकडे निघालो आणि वाटेत धाकट्याच्या घरी डोकावलो. बायको बॅग भरत होती, तो बघत बसला होता. “कॉमाचं मला काही नाही, सर,” तो म्हणाला. “मला इंग्रजी येतच नाही. पण पाटी करताना एकदा तरी मागे येऊन विचारायचं ना, की बाबा, काय लिहू?”

मी एवढंच म्हटलं, “चौकापर्यंत तर चल.”

बायकोही आमच्यामागे आली. दुकानासमोर शिडी लागली होती आणि नाना खालून पाटीवाल्याला ओरडून सूचना देत होते. एसनंतर नवा लाल कॉमा चिकटला होता. आधीचाही जागच्या जागी होता.

“नाना, दोन झाले,” मी म्हटलं.

“ऱ्हाऊ द्या,” नाना म्हणाले. मग धाकट्याकडे न बघता, जरा हळू, “पुढचा काढू ते मी कथा जाऊ, कुठे बसू? तो माझा. मागचा तुझा. तू मागेच ऱ्हास ना?”

धाकटा पाटीकडे बघत राहिला. “माझा बारीक दिसतो.”

“सारखाच शे! उन्हात तसा दिसतो.”

“बारीक आहे.”

“बरं, मोठा लावू. कुठला पाहिजे, तू सांग. कोणता रंग?”

धाकट्यानं थोडा विचार केल्यासारखं केलं. “हिरवा,” तो म्हणाला, आणि बाह्या सरसावत मागच्या दारानं आत गेला. थोड्या वेळानं काड्यांचा धूर पाटीवर यायला लागला.

त्याची बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “सर, तुम्ही इंग्रजीचे. हे बरोबर आहे का?”

“आधी एक प्लेट भरीत सांगा,” मी म्हटलं. “आणि तो हिरवा लागला, की मग कोणी त्या शिडीला हात लावू नका.”