व्हर्लिन, ऑर्बा आणि खाटेचं गाणं

दुपारच्या जेवणाच्या वेळी रेडिओवर व्हर्लिन टॅकेट आणि ऑर्बा साइझमोर लागले, की टेनेसीच्या डोंगरातली माणसं औत सोडून घर गाठत. व्हर्लिनची मॅन्डोलिन, ऑर्बाची गिटार. एखादं रडकं विरहगीत गाजलं, की हे दोघं चाल तीच ठेवून शब्दांची अशी वाट लावत, की हसून हसून ऐकणाऱ्याच्या घशात मक्याची भाकरी अडकावी. आणि गाताना चेहरे मात्र मयताला आल्यासारखे!

पण व्हर्लिनला आतून एक खंत होती. त्याची बोटं तारांवर फिरायला लागली, की बडेबडे वादक कान टवकारत. नॅशव्हिलच्या एका वाद्यवृंदानं त्याला बोलावलंही होतं.

"चाळिशी आली, तरी सोंगंच काढतोय आपण," तो म्हणे.

"जा की मग," ऑर्बा म्हणे. "मी दुसरं माकड शोधतो."

त्या ऑक्टोबरात दोघं ब्लॅक फोर्कच्या कोळसा खाणीवर कार्यक्रमाला गेले. आदल्याच आठवड्यात खाणीचं छत कोसळून चार माणसं दगावली होती, हे तिथं पोचल्यावर कळलं. शाळेच्या हॉलमध्ये माणसं मान खाली घालून बसलेली.

"आज फक्त भजनं," ऑर्बा कुजबुजला.

दोन भजनं झाली, तशी पुढच्या बाकावरची काळ्या कपड्यांतली बाई उठली. नेव्हाडा मुलिन्स. चौघांतला एक तिचा नवरा.

"भजनं आठवडाभर ऐकतेय मी," ती म्हणाली. "ते तुमचं खाटेचं गाणं म्हणा. माझा क्लीट मुद्दाम आडवा पसरून तेच गायचा. मला टेकायला जागा ठेवायचा नाही मेला."

व्हर्लिननं मॅन्डोलिन खाली घेतली. "ताई, आज नको..."

"आजच! आणि थोबाडं गंभीर ठेवा, नाहीतर मजा जाते."

दोघांनी सुरू केलं:

"गेलीस सखे टाकून मजला, सुनी जाहली खाट,
मधोमध मी लोळतो आता, राजावाणी थाट!"

आधी नेव्हाडाच हसली, रुमालात तोंड खुपसून. मग मागचा एक म्हातारा खाणकामगार, आणि मग अख्खा हॉल. आठवडाभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली माणसं हसता हसता हमसून रडली. व्हर्लिनच्याही गालांवर धारा लागल्या होत्या. पण त्यानं चेहरा हलू दिला नाही. शेवटी त्यानं तीच चाल एकट्यानं, संथपणे वाजवली. तसं वाजवणं ऑर्बानंही कधी ऐकलं नव्हतं.

निघताना नेव्हाडानं दोघांच्या हातांत सफरचंदाच्या गरम करंज्या ठेवल्या.

गाडीत बसल्यावर दोघांनी आधी करंज्या संपवल्या. मग ऑर्बानं विचारलं, "नॅशव्हिलला कधी निघतोस?"

"तुझ्याइतका बेसूर माणूस तिथं कुठं मिळायचा?" व्हर्लिन म्हणाला.

वाद्यवृंदाला त्यानं नकार कळवला. पुढं केस पिकेपर्यंत दोघं एकाच माइकसमोर उभे राहिले, आणि आपला धंदा काय म्हणून कोणी विचारलं, की व्हर्लिन छाती काढून सांगे, "विदूषक."