लिलावाच्या टेबलावरची मुलगी

आमच्या चर्चमधला कापणीचा सण मला लहानपणापासून आवडतो. खरं सांगायचं तर उपासनेपेक्षा नंतरचा लिलावच जास्त आवडतो. घरोघरच्या लोकांनी देवापुढे आणून ठेवलेले केळीचे घड, बाजरी, डांगर म्हणजे लाल भोपळे, सगळं एकेक करून टेबलावर मांडायचं आणि बोली लावायची. लोक मुद्दाम बोली चढवतात, एकमेकांची टर उडवतात. धुळ्यात माझ्यासारखा लिलाव पुकारणारा दुसरा नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं आहे.

त्या वर्षी आमच्या घरी मुलगी आली होती. सात वर्षांची, जळगावच्या बालगृहातून. दत्तकाचे कागद व्हायचे होते, पण ती आमच्याकडे राहायला येऊन तीन महिने झाले होते. देव पोरक्यांचा बाप आहे, हे मी रविवारशाळेत शिकलो आणि पुढे तिथेच वीस वर्षं मुलांना शिकवलं. शेवटी बायको म्हणाली, "शिकवून झालं असेल, तर आता करू या." तिचं बोलणं असंच असतं.

मुलगी घरात आली आणि मला तिला मिरवायची घाई झाली. सणाच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, "देवानं दिलेलं उद्या देवापुढे न्यायचं. तुलाही नेणार." ती लगेच "हो" म्हणाली. सकाळी नवा फ्रॉक, दोन वेण्या. बायको म्हणाली, "तिला आवडेल का, विचारा तरी." मी बायकोवरच खेकसलो.

उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना करायचं पाळकसाहेब विसरले. लिलाव निम्म्यावर आल्यावर त्यांना आठवलं आणि त्यांनी आम्हाला पुढे बोलावलं. लिलाव पुकारत मी तर पुढेच होतो. टेबलावरचं डांगर आत्ताच कुणीतरी घेऊन गेलं होतं. सगळ्यांना दिसावी म्हणून मी तिला उचलून त्या टेबलावर उभं केलं.

पहिल्या बाकावरचे आबा आमच्यातले सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात थट्टेखोर. बोली लावावी तसे ते ओरडले, "हाई पोर मी लेस!" म्हणजे ही पोर मी घेतो.

सगळे हसले. मीही हसलो, याबद्दल मला आजही स्वतःला माफ करता येत नाही.

मुलगी हसली नाही. तिनं फ्रॉक नीट केला, आबांकडे वळून हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. मी सगळी कामं करते. मी त्रास देत नाही."

मी तिला खाली घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. "तुला कुणी नेणार नाही. तू आमची आहेस," मी म्हणालो.

"मग टेबलावर का ठेवलं?"

"मी मूर्ख आहे म्हणून." बायकोही शेजारी येऊन बसली आणि पहिल्यांदाच माझ्या बोलण्याला तिनं जोरात मान डोलावली.

आबा काठी टेकत आले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्याकडे बोट दाखवत ते तिला म्हणाले, "गंमत व्हती बेटा ती. मन्हं चुकनं. तू तुन्हा बापनी शे."

तिनं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भोकाड पसरलं. तीन महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती आणि आम्ही तिला शहाणी समजत होतो. माझा सदरा तिनं दोन्ही मुठींत धरला होता. इतकी वर्षं देवाला बाप म्हणताना मला देणारा हात दिसायचा. ज्याच्याकडून पुढे दुसऱ्या कुणाकडे जावं लागत नाही तो बाप, हे त्या मुठींनी मला शिकवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना आम्ही बसलो होतो तिथेच येऊन केली, आणि उरलेला लिलाव दुसऱ्या कुणीतरी पुकारला.

जेवणाच्या पंगतीत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली. डोळे सुजलेले, नाक लाल. मग ताटातून मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी मी टेबलावर उभी राहणार नाही."

मी बायकोकडे पाहिलं. तिनंही ते ऐकलं होतं. पुढच्या वर्षी, म्हणाली होती ती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"नको राहूस," मी म्हणालो.