घोड्यानं नाकारलेलं पाणी

फाल्गुन शुद्ध दशमी. अंगणात सूत वाळत घातलंय. ऊन कलायच्या आत ते उलटायचं आहे, तेवढ्या वेळात अक्काबद्दल लिहून टाकते. अक्का जाऊन तीन महिने झाले. रंग आता तिची सून करते, बरा करते.

"आधी पाणी दाव." कुणाच्याही घरी गेली तरी अक्काचं पहिलं वाक्य हेच. लोक तांब्या पुढे करत. ती पीत नसे. एक बोट बुडवून जिभेला लावी आणि निकाल देई. घरातल्या नव्या सुनांना वाटे, म्हातारी आपली भांडी तपासतेय. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल.

ती आमच्या हुलसूरची रंगारीण. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या शिजवून लाल रंग काढायची. आमच्या अकरा मागांवरच्या लुगड्यांचे काठ तिच्याच रंगाचे. गिरणीचं स्वस्त लुगडं आलं आणि मागांचा आवाज कमी होत गेला. तेवढ्यात गुलबर्ग्याला विणकरांची परिषद भरत असल्याचं कळलं. रंग तिथंच सगळ्यांसमोर करून दाखवायचा. उकळत्या सोड्यात टिकला तर सरकारी दुकान आमची लुगडी घेणार. नाही टिकला तर माग मोडून विकायचे, हे आम्ही घरी ठरवूनच निघालो. मागांचा कारभार माझ्याकडे, म्हणून अक्काबरोबर मी गेले.

तिनं वीस वर्षांपूर्वी गुलबर्ग्याच्या बाजारातल्या आडावर रंग केला होता. आताही तिथंच करणार होती. मोटारीतून उतरलो आणि ती जागीच उभी राहिली.

"अक्का, कामून थांबलीस?"

"आड माझ्या पायाखाली हाय."

खरंच होतं. आड बुजवून त्यावर मोटारींचा अड्डा केला होता. डांबरी सडक, विजेचे खांब, दोन मजली दुकानं, सगळं नवं.

परिषदेच्या मांडवात सरकारी दुकानाच्या साहेबांनी अभिमानानं नळ सोडून दाखवला. अक्कानं बोट ओलं केलं.

"गोड हाय."

साहेब खूश झाले.

"गोड पाणी माणसाला. माझा लाल त्यात विटकरी होतोय, नि धुतला की उतरतोय."

मी हळूच म्हटलं, "पानाचा चुना टाकू का?"

"टाक की. जरा जास्त पडू दे, मंग लालाचा जांभळा झालेला दावू साहेबाला."

परीक्षा संध्याकाळी होती. तिनं घागर उचलली आणि आम्ही खारा आड शोधायला निघालो. ती मराठीत विचारी, कानडीत विचारी, उर्दूत विचारी. प्रत्येक जण कौतुकानं जवळचा नळ दाखवी. एक दुकानदार तर चिडलाच. "हमारे मोहल्ले में खारा पानी नै है!"

शेवटी एक टांगेवाला म्हणाला, "एक बावडी है, अम्मा. लेकिन उसको घोडा बी मुँह नै लगाता."

"मंग तिथंच चल, बाबा. तुझा घोडा शाना हाय."

बावडीच्या पायऱ्या मोडक्या होत्या. मी हात पुढे केला, तिनं घेतला नाही. खाली बसून बोट जिभेला लावलं. "व्हय, हेच," म्हणाली आणि घागर भरली.

दुपारभर मुळ्या शिजल्या, त्यांत सूत रंगलं. संध्याकाळी साहेबांनी लाल लच्छी उकळत्या सोड्यात घातली आणि आपल्या पांढऱ्या रुमालात पिळली. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"फुकटात धुऊन मिळाला की," अक्का म्हणाली.

सकाळी धर्मशाळेत तिची वळकटी नव्हती. रखवालदाराजवळ निरोप होता: म्हैस वेणार हाय, कागदाचं तू बघ.

मी एकटीच मांडवात गेले. कराराचा कागद उर्दूत होता. कारकुनाकडून मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा. शेवटचं कलम असं, की सूत शहरातल्या नव्या रंगाईच्या कारखान्यात रंगवून मिळेल. म्हणजे नळाच्या पाण्यात. म्हणजे पहिल्या धुण्यात काठ फिके आणि पुढच्या वर्षी माग बंद.

"हे काढा," मी म्हटलं.

"आपकी सहूलत के वास्ते है, बाई."

"सोय नको. रंग हुलसूरलाच होईल, आमच्या खाऱ्या आडावर."

कारकून साहेबांकडे पाहू लागला, साहेब कागदाकडे. माझ्यामागे रांग वाढली. कुणीतरी खाकरलं, कुणी "चला ना" म्हटलं. मी हलले नाही. बऱ्याच वेळानं साहेबांनी दौत ओढली आणि ती ओळ खोडली. खोडलेल्या ओळीशेजारी मी त्यांची सही घेतली. मग खाली माझी केली.