किल्लीमावशीने दारं उघडी ठेवली

चर्चच्या किल्ल्या बावीस वर्षं जिच्या कमरेला, ती किल्लीमावशी. दारं उघडायची, बाकं पुसायची आणि उपासना सुरू झाली की शेवटच्या बाकावर अशी ऐटीत बसायची, जणू सगळा खेळ तिनेच उभा केलाय. आवाज खणखणीत. हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही.

एका गुरुवारी दुपारी मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई लेकीचा हात धरून दारात उभी राहिली. एक डोळा सुजून पार मिटलेला. मावशीने दोघींना आत घेतलं. गाणाऱ्यांचे झगे टांगतात त्या माडीवरच्या खोलीत गादी घातली, गरम चहा दिला.

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "नवऱ्याला बोलावू. दोघांना समोरासमोर बसवू."

"आधी तो डोळा उघडू द्या," मावशी म्हणाली. "मग कुणाकडे बघायचं ते तिचं ती ठरवील."

इथवर ठीक होतं. पण कुणाचं दुःख कानावर आलं की चिठ्ठी लिहून प्रार्थनेच्या पेटीत टाकायची, हा मावशीचा जुना नेम. हात सवयीने चालला. रविवारी पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, "माडीवरच्या खोलीत आसऱ्याला आलेल्या आपल्या शिवणकामवाल्या बहिणीसाठी..."

सगळे 'आमेन' म्हणाले. तिसऱ्या बाकावरची म्हातारी मात्र गीत अर्ध्यावर असताना उठून चालती झाली. ती त्या बाईची सासू.

मावशी धावतच माडीवर गेली. "बाई गं, मीच घात केला. चिठ्ठी माझी. आता तो येईल. मागच्या दाराने निघतेस?"

बाईने लेकीच्या केसांची रिबीन घट्ट बांधली. "पळून पळून दम लागलाय, मावशी. मला तक्रार द्यायचीय. खाली येते."

मग मावशी थेट वेदीपुढे उभी राहिली. झालं ते सगळं सांगून टाकलं. "पोलिसांना कुणीतरी फोन लावा. बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. प्रार्थना झाली, आता नुसतं बसायचं काम आहे."

"अगं, माझी डाळ गॅसवर आहे!" एक बाई कळवळली.

"करपू दे!"

नवरा आला तेव्हा दारं सताड उघडी होती.

"माझी बायको कुठे लपवलीत?"

"लपवली कुठे? ती बघ, मधल्या बाकावर. तुला काय बोलायचंय ते या साठ जणांसमोर बोल. आम्हाला घाई नाही," मावशी म्हणाली.

साठ माना एकदम वळल्या. पाळकसाहेब वेदीवरून उतरून त्या बाईशेजारी जाऊन बसले. घरात वाघ असलेला तो गडी उंबऱ्यावरच चुळबुळत राहिला. "घरातली गोष्ट आहे," एवढंच पुटपुटला. पोलीस आले, तेव्हा बाई स्वतः उठली आणि एका डोळ्याने त्याच्याकडे बघत पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगू लागली. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले. संध्याकाळच्या आत मायलेकी मंडळीतल्या नर्सबाईंच्या गाडीतून निघून गेल्या.

"कुठे गं नेलं त्यांना?" एका आजोबांनी काळजीने विचारलं. "म्हणजे त्या जागेचं नाव घेऊन प्रार्थना करता येईल."

"करा की, आजोबा. देवाला पत्ता ठाऊक आहे," मावशी म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच, अगदी हळू.