थांबायची ओळ

साठीनंतर मी घरच्या घरी प्रोग्रॅमिंग शिकले, आणि भाचीला सोबत घेऊन भंडारदऱ्याकडच्या बायका जिथं आपलं बी जमा ठेवतात, त्या बियाणे-घरासाठी कॉम्प्युटरवरची नोंदवही केली. रचना डब्यात डबा ठेवल्यासारखी. गावाच्या डब्यात बाईचा डबा, बाईच्या डब्यात तिची बियाणी. आतल्या डब्यापर्यंत जाऊन नोंद आणणारी छोटी छोटी फंक्शनं माझी. त्यात एक गोष्ट मी हट्टानं ठेवली होती. वाटेतला डबा सापडला नाही, तर फंक्शननं तिथंच थांबायचं आणि तसं सांगायचं.

आता, बी आईकडून येतं, म्हणून तिकडच्या बायका नोंद माहेरच्या गावाखाली करतात. पेरणीच्या तोंडावर एक म्हातारी आली. भाचीनं म्हातारीच्या सासरचं गाव टाकलं आणि म्हणाली, "आजी, तुमचं काही जमा नाही."

"न्हाई कसं? माझ्या आईचा भात हाय त्यो!"

मी कोड उघडून पाहिला. माझी थांबायची ओळ काढलेली. सासरच्या गावाखाली म्हातारीचा डबा नव्हताच, आणि डबा नसला की फंक्शन गुपचूप रिकामा डबा पुढे करत होतं.

"मावशी, सारखं अडायचं गं ते. लोकांसमोर लाज वाटायची."

"मग मला सांगायचंस ना! खाल्लं असतं का मी तुला?"

म्हातारीच्या बियाण्याची बरणी फळीवरच होती, ती मी तिच्या हातात दिली. बी नेताना निम्मं बियाणे-घरात ठेवून जायचा तिथला रिवाज.

"माझं मी संभाळीन आता," म्हातारी म्हणाली, आणि अख्खी बरणी पदराखाली घेऊन गेली.

भाचीशी मी बोलते. पण तिची प्रत्येक ओळ आता पुन्हा वाचते, आणि वाचताना मलाच वाईट वाटतं.